थंडीतला समुद्रकिनारा आणि गाडीतला मुक्काम: तुमचे अनुभव सांगा

घाटवाट
काल माळ्यावरची घोंगडी उन्हात टाकायला काढली. झटकली तर घडीतून चिमूटभर वाळू पडली. केळशीची, डिसेंबर २०११ ची!
बाबांनी ओम्नीची मागची सीट काढून फळी टाकली होती. खाली स्टोव्ह, तांदूळ, पाण्याचा कॅन. ताम्हिणी, माणगाव, बागमांडल्याहून जेटीने वेश्वी. सुरूच्या बनाशी पोचेतो अंधार पडला. किनाऱ्यावर आम्ही तिघंच. समुद्राचा वारा नको म्हणून बाबांनी दार डोंगराकडे ठेवलं. पण रात्री जमीन पाण्याआधी गार होते, मतलई सुटतो, तो थेट आत! आईने अंगातला स्वेटर काढला आणि त्याच्या बाह्यांत माझे दोन पाय घातले. सकाळपर्यंत तशीच झोपले.
बाबा आता गाडी चालवत नाहीत. तुम्ही कोणी राहिलायत का असं? लिहा ना.

सिंहगडरोडकर
आई गं, स्वेटरच्या बाह्या 🥹

पोळीभाजी
कुकर लावलाय, पटकन लिहिते. आम्ही आंजर्ल्याला काचा घट्ट बंद करून झोपलो. पहाटे काचांवरून पाणी ओघळत होतं, सासूबाईंची उशी चिंब. चार जणांच्या श्वासाची वाफ. तेव्हापासून समोरासमोरच्या काचा दोन बोटं उघड्या ठेवतो, थंडी वाजली तरी.

जुनाखेळाडू
काचांचा विषय निघालाय तर कळकळीने सांगतो. कोळशाची शेगडी गाडीत नेऊ नका, विझत आलेली तर नाहीच नाही. आम्ही दिवेआगरला नेली होती. धाकट्या भावाचं डोकं दुखायला लागलं, मग उलटी. गारठ्याने असेल असं वाटलं. काकांना शंका आली, त्यांनी आम्हा सगळ्यांना ओढून बाहेर काढलं. त्या वायूला वास नसतो हो. भाऊ वाचला. अजून अंगावर काटा येतो.

घाटवाट
बापरे. काकांना नमस्कार सांगा.

तिसरीघंटा
शेगडी बाहेरच ठेवा आणि पोपटी लावा! वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मडक्यात भांबुर्ड्याचा पाला. मडकं उपडं करून भोवती जाळ. जानेवारीत अलिबागकडे घरोघरी चालतं.

सिंहगडरोडकर
भांबुर्डे म्हणजे आपल्या शिवाजीनगरचं जुनं नाव ना? तो पाला पुण्यात मिळतो का कुठे?

तिसरीघंटा
मंडईत कधी दिसला नाही. मी येताना पिशवी भरून आणते, या घ्यायला.

आजीचीगोष्ट
आम्ही लेकाकडे न्यूझीलंडला जुलैत गेलो, तिकडे ऐन हिवाळा. दक्षिण बेटाच्या पार खालच्या टोकाला, क्युरिओ बेला व्हॅनमध्ये दोन रात्री. वाऱ्याने व्हॅन पाळण्यासारखी हलायची. ओहोटीला खडकात दगड झालेली झाडं उघडी पडतात, जुरासिक काळातली. ओंडक्याची वर्तुळं बोटाने मोजता येतात. ह्यांनी हातमोजा काढून त्यावर तळवा टेकवला आणि कितीतरी वेळ उचललाच नाही. पुढच्याच वर्षी हे गेले.

पोळीभाजी
आजी 🙏

भरतीओहोटी
गाडी वाळूत लावणाऱ्यांनी भरती बघून लावा. तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ येते. अष्टमी, आठ गुणिले पाऊण, सहा वाजता. दुसरी साधारण साडेबारा तासांनी. पुनवेला, अवसेला उधाण, तेव्हा पाणी नेहमीपेक्षा वर चढतं. आमची चाकं गुहागरला अवसेलाच रुतली. पाणी बंपरला लागलं तेव्हा गावातली पोरं दोर घेऊन धावत आली. पैसे घेतले नाहीत, चहा मात्र पाजला त्यांनीच.

घाटवाट
आत्ता बाबांना सगळं वाचून दाखवलं. पाऊणपटीला लगेच म्हणाले, "आपण गेलो तेव्हा अष्टमीच होती. आधीच्या शनिवारी चंद्रग्रहण झालं होतं. भांगाचं पाणी, सहाला येणार, फार वर चढणार नाही. ते धरूनच गाडी लावली होती." मग विचारलं, घोंगडीतली वाळू टाकलीस का? नाही टाकली. काडेपेटीत भरून त्यांच्या उशाशी ठेवलीय.