मदत हवी आहे: चिंगीच्या दाढांवरचं किटण घरी निघेल का?

नमस्कार मंडळी,

आमची चिंगी पॉमेरेनियन, वय साडेसात, वजन साडेचार किलो (त्यातला निम्मा आवाज, असं बाबा म्हणतात). दोन-तीन महिने तिच्या तोंडाला घाण वास मारतोय. काहीतरी खाल्लं असेल म्हणून सोडून दिलं होतं. रविवारी आंघोळ घालताना ओठ वर करून पाहिलं तर पुढचे दात बरे, पण वरच्या मागच्या दाढांवर करवंटीसारखं टणक, तपकिरी किटण आणि त्यालगतची हिरडी लालभडक. नखाने खरवडलं, ढिम्म हललं नाही. तिने मात्र माझं बोट धरलं.

आई तिला दोन्ही वेळा दूधपोळी कुस्करून घालते, वर मारी बिस्किट. कोरडं खाद्य आधी खायची, हल्ली हुंगते आणि निघून जाते. दात आजवर एकदाही घासलेले नाहीत. चूक आमचीच. पण आमच्या लहानपणी वाड्यातल्या मोत्याचे दात कुणी घासल्याचं आठवत नाही हो.

डॉक्टर म्हणाले, रक्त तपासून मग भूल देऊन साफ करू. भूल म्हटल्यापासून आईला जेवण गोड लागत नाहीये. इकडे एक दुकानदार म्हणतो, भूल नको, दहा मिनिटांत खरवडून देतो. घरी काही करता येईल का? आपली पेस्ट, दंतमंजन, लवंगतेल? आणि तोंड धरूच देत नाही तिला ब्रश करायचा कसा?

– सायली_सांगली

तिरफळ: किटण एकदा दगडासारखं झालं की ब्रशने निघत नाही. दातांवर रोज बुळबुळीत थर बसतो, तो पुसला नाही तर दोन-तीन दिवसांत लाळेतल्या क्षारांनी कडक व्हायला लागतो. घासायचं ते त्या मऊ थरासाठी. दुकानदाराच्या नादी लागू नका. वरून दात पांढरे दिसतील, पण हिरडीखालचं तसंच राहील, आणि खरी गडबड तिथेच असते. शिवाय खरवडल्यावर पॉलिश केलं नाही तर चरे राहतात, त्यात नवं किटण आणखी लवकर धरतं.

वाटाड्या: माणसांची पेस्ट अजिबात नको. कुत्र्याला चूळ भरता येत नाही, सगळं पोटात जातं. फ्लोराइड वाईटच, आणि पेस्टमध्ये झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असलं तर रक्तातली साखर झपकन उतरते, यकृतावरही बेततं. लवंगतेलही नको. कुत्र्यांची वेगळी पेस्ट मिळते, बहुतेक चिकनच्या चवीची. तुमच्या आईंना आधी विचारा :)

आमच्या लॅब्रॅडॉरला मी आठवडाभर नुसती पेस्ट बोटावरून चाटवली. मग ओठ उचलून बोट फिरवलं, मग बोटाला गॉज गुंडाळून, आणि महिन्याने ब्रश. दातांची बाहेरची बाजू घासली तरी पुष्कळ झालं, आतून जीभ फिरत असते. पण तुम्ही आत्ता सुरू करू नका. हिरडी दुखत असताना घासलंत तर ब्रश दिसला की पलंगाखाली, हे कायमचं होईल.

मोहर: एका बाजूनेच चावते का? डोळ्याखाली कधी सूज आली होती?

सायली_सांगली: अहो, पंधरा दिवसांपूर्वी उजव्या डोळ्याखाली फुगलं होतं! गांधीलमाशी चावली समजून आम्ही हळद लावली. चार दिवसांत उतरलं, म्हणून डॉक्टरांना सांगितलंही नाही.

मोहर: सांगा, आजच सांगा. फोटो असेल तर पाठवा. वरच्या मोठ्या दाढेची मुळं बरोबर तिथे, डोळ्याखाली असतात. मुळाशी गळू झालं तर अशीच सूज येते, उतरते, पुन्हा येते. त्या दाढेचा एक्स-रे काढणार का, तेही विचारा. कोरडे दाणे सोडलेत ते नखरे नसतील, दुखत असेल.

भुलेची भीती समजते. पण जाग्या कुत्रीची दाढ तपासणार कशी? भूल देताना श्वासनळीत नळी घालतात, त्यामुळे दात धुतानाचं पाणी फुप्फुसात उतरत नाही. रक्त आधी तपासतात तेही मूत्रपिंड, यकृत ठीक आहेत का बघायला. आणि पॉमेरेनियनच्या एवढ्याशा जबड्यातही मोठ्या कुत्र्याइतकेच ४२ दात असतात, त्या दाटीत किटण साचतंच. एवढा दोष स्वतःकडे घेऊ नका.

सायली_सांगली: फोटो पाठवला. डॉक्टरांनाही दाढेचीच शंका आहे. गुरुवारी सकाळची वेळ मिळालीय, आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायचंय. आई विचारतेय, पहाटे चमचाभर दूध तरी?

मोहर: थेंबभरही नाही. भुलेत उलटी झाली तर जिवावर बेतेल. पाणी कधीपर्यंत द्यायचं ते डॉक्टरांना विचारा.

सायली_सांगली: चिंगीची वाटी माझ्या कपाटात ठेवून कुलूप लावतेय. किल्ली बाबांकडे.