जिन्याखालचे थिनरचे डबे

बी-302 काकू: नमस्कार. ए विंगच्या जिन्याखाली मीटरच्या बोर्डाला टेकून थिनरचे चार डबे ठेवलेत. दुपारपासून वास सुटलाय. लेकरं तिथंच लपाछपी खेळायलेत. कृपया हलवावेत 🙏

सेक्रेटरी: रंगवाल्याचे आहेत काकू. परवा काम संपलं की जातील. डब्यावर छापलंय की, इन्फ्लेमेबल. पेट न घेणारं. काळजी नसावी.

ए-104 सर: इन्फ्लेमेबल म्हणजे पेट घेणारं, साहेब. पटकन पेट घेणारं!

सी-201: इन म्हणजे नाही ना सर? इनकम्प्लीट, इनव्हॅलिड.

सी-103: मग इन्कम म्हणजे न येणारी रक्कम. माझ्या दुकानाला बरोबर लागू 😀

ए-104 सर: मुद्द्याचंच बोललात. लॅटिनमध्ये इन दोन आहेत, दिसायला जुळे. एक नकाराचा. तो आणि आपल्या अनुचित, अनेकमधला अन् एकाच मुळाचे, अनहॅपीतला अनसुद्धा. दुसऱ्याचा अर्थ आत. इन्कममधला इंग्रजी इन त्याचाच नातलग, इन्फ्लेमेबलमध्ये तर तोच. इन्फ्लमारे म्हणजे पेटवणे, फ्लामा म्हणजे ज्वाळा.

बी-302 काकू: डबे आज हलवणार का?

बी-302 ताई: सर बरोबर सांगतायत. इन्फ्लमेशन म्हणजे दाह. नीटच्या अभ्यासात आहे आम्हाला.

सेक्रेटरी: ताई, तू अभ्यास कर. सर, एकाच उपसर्गाचे असे उलटे अर्थ? अशी भाषा असते का कुठं?

ए-104 सर: आपलीच आहे. विफलमध्ये वि म्हणजे नाही. विख्यातमध्ये? विख्यात माणसाला कुणी अनोळखी म्हणतं का?

ए-402 नाना: वा! आमचे वडील निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकले. बेकायदा, गैरहजर, लाजवाब, सगळी तिकडची पुढं जोडलेली अक्षरं. नापास तर बघा, ना फारसीचा, पास इंग्रजीचा. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाचं राज्य गेलं, पण बे आणि ना आपल्या तोंडात राहिले.

सी-201: बेकायदावरून आठवलं. सी-103 ची गाडी आजही माझ्या जागेवर आहे.

सी-103: आधी मेंटेनन्सची थकबाकी भरा, मग जागा सांगा.

सेक्रेटरी: विषय सोडू नका. सबमर्सिबल दुरुस्त झाली. उद्या पाणी सकाळी 6 ते 7.

ए-402 नाना: सर, हा सब म्हणजे सब-इन्स्पेक्टरमधलाच का?

ए-104 सर: तोच. सब म्हणजे खाली. मोटार बोअरच्या पाण्याखाली, इन्स्पेक्टर हुद्द्यानं खाली. उपनिरीक्षकातला उप त्याचाच नातलग, ग्रीकमधला हायपोही. आणि हायपर म्हणजे आपला उपरि. बीपी कमी झालं तर हायपो, वाढलं तर हायपर. चिठ्ठी वाचताना एवढं अक्षर चुकलं तर काय होईल?

बी-302 काकू: डबे आज हलवणार का? दुसऱ्यांदा विचारतेय.

सेक्रेटरी: सर, तुमच्याबद्दल आदर आहे. पण दर वेळी कमिटीलाच शिकवायचं का?

ए-104 सर: अपमान करायचा नाही मला. औसा रोडवरून जाणाऱ्या पेट्रोलच्या टँकरमागं बघा, हायली इन्फ्लेमेबल लिहिलेलं असतं. पेट्रोल पेटत नाही म्हणून लिहितात का? हाच गैरसमज जीवावर बेतेल म्हणून अमेरिकेत 1920 च्या दशकात अग्निसुरक्षेचं काम करणाऱ्यांनी इन काढून नुसतं फ्लेमेबल लिहा असा आग्रह धरला. आपल्या बोर्डातून गेल्या उन्हाळ्यात धूर निघालेला तुम्हीही पाहिलाय.

बी-302 काकू: डबे आज हलवणार का?

सी-103: खाली आलोय. एका डब्याचं झाकण बसलेलंच नाही. कडेनं ओघळ आलाय, फरशी ओली आहे. शेजारी विडीची थोटकं पडलीत.

सी-201: हात लावू नका एकटे. आलोच. गाडीचं उद्या बघू.

सेक्रेटरी: हा मेसेज डिलीट केला आहे

सेक्रेटरी: गच्चीवर ठेवू का?

ए-104 सर: नको, तिथं ऊन. रंगवाल्यालाच न्यायला सांगा. तोवर झाकणं घट्ट लावून मागच्या भिंतीच्या सावलीला ठेवा, उघड्या हवेत. जिन्यातला दिवा लावू नका. विडीवाला कोण ते शोधा.

सेक्रेटरी: फोन लावला. तासाभरात टेम्पो येतोय. काकू, चुकलं माझं.

बी-302 काकू: ठीक आहे. लेकरांना वर बोलावलंय. ए विंगवाल्यांनो, तुमचा धाकटा आमच्याकडं जेवतोय.