फ्रीबीएसडी: पोर्ट्समधून बांधलेलं एफएफएमपेग 'पीकेजी अपग्रेड' दरवेळी उडवतंय

खटपट्या

नमस्कार मंडळी, या मशीनने डोकं खाल्लंय अगदी. घरच्या जुन्या डेस्कटॉपवरचं उबुंटू काढून फ्रीबीएसडी १४ (युनिक्स घराण्यातली ऑपरेटिंग सिस्टीम) टाकलंय. आमच्या भजनी मंडळाच्या जुन्या कॅसेटी रेकॉर्ड करून ठेवल्यात, त्या आता एएसी या ऑडिओ फॉरमॅटमध्ये करून सगळ्यांच्या मोबाईलवर द्यायच्यात, आणि निम्म्या लोकांचे फोन कायम भरलेले असतात त्यामुळे फाईल जेवढी बारीक होईल तेवढी बरी, म्हणून एचई-एएसी, म्हणजे कमी बिटरेटसाठीचं एएसी, पाहिजे. पण पीकेजीने (तयार पॅकेज टाकणारी कमांड) येणाऱ्या एफएफएमपेगमध्ये (ऑडिओ-व्हिडिओ फाईली बदलणारा प्रोग्रॅम) ते बनवणारा एफडीके-एएसी एन्कोडर नसतोच. मग पोर्ट्समधून, म्हणजे सोर्सवरून, स्वतःच बांधायला /यूएसआर/पोर्ट्स/मल्टिमीडिया/एफएफएमपेगमध्ये जाऊन 'मेक कॉन्फिग' केलं, एफडीकेवर टिक मारली, 'मेक इन्स्टॉल क्लीन' केलं, बराच वेळ घेतला पण झालं. मस्त चालत होतं.

नंतर नेहमीसारखं 'पीकेजी अपग्रेड' मारलं, लांबलचक यादी आली, त्यात एफएफएमपेगपुढे 'ऑप्शन्स चेंज्ड' असं काहीतरी होतं, एवढी यादी कोण वाचतंय, वाय दाबलं आणि पुढच्याच कॅसेटीला 'अननोन एन्कोडर'. परत बांधलं, पुढच्या अपग्रेडला परत तेच.

तर पोर्ट्स आणि पीकेजी एकत्र वापरायचंच नसतं का? आणि नसेल तर मग ही दोन्ही ठेवलीत कशाला? अजून एक, त्या बांधाबांधीत नॅझम, सीमेक असलं बांधणीचं सामान बरंच काय काय येऊन बसलंय, ते काढलं तर चालेल ना?

टर्मिनलबुवा

पीकेजीच्या जागी उभं राहून बघा, म्हणजे ते असं का वागतंय ते कळेल. तुम्ही पोर्ट्समधून बांधलं तरी शेवटी ते पॅकेज म्हणूनच पीकेजीच्या डेटाबेसमध्ये नोंदवलं जातं, पोर्ट्सचा वेगळा असा हिशोब नसतो. अपग्रेडच्या वेळी पीकेजी रिपॉझिटरीशी (सर्व्हरवरचा तयार पॅकेजांचा साठा) ताडून बघतं. आवृत्ती तीच पण ऑप्शन वेगळे दिसले की त्याला वाटतं तुमचं शिळं झालंय, घ्या ताजं. रिपॉझिटरीत नवी आवृत्ती आली असेल तर मग विचारायलाच नको. तुमची टिक /व्हार/डीबी/पोर्ट्समध्ये सेव्ह असते खरी, पण ती फक्त तुम्ही परत 'मेक' कराल तेव्हा वाचली जाते, पीकेजी तिकडे ढुंकूनही बघत नाही.

आणि दोन्ही का ठेवलीत, तर पॅकेजेस पोर्ट्समधूनच तयार होतात. पोर्ट म्हणजे सोर्स कुठून आणायचा, कुठले पॅच लावायचे, कसं बांधायचं याची कृती, आणि पॅकेज म्हणजे तीच कृती डिफॉल्ट ऑप्शन्सनी त्यांच्या सर्व्हरवर आधीच करून ठेवलेली. एफडीके डिफॉल्टला का नाही याचं कारण लायसन्स. जीपीएल लायसन्सवालं एफएफएमपेग आणि एफडीके एकत्र बांधलं तर ती बायनरी वाटता येत नाही, स्वतःपुरती बांधून वापरायला हरकत नाही. म्हणजे तुमच्यासारख्या केससाठीच पोर्ट्स आहे असं समजा.

आता एक विचारतो, पोर्ट्स ट्री (सगळ्या पोर्ट्सचं फोल्डर) कुठून आणलं? गिटने नुसतं क्लोन केलं असेल तर ती मेन ब्रँच (सतत बदलणारी शाखा) झाली आणि तुमचं पीकेजी मात्र क्वार्टरलीवर असणार, १४ रिलीजवर डिफॉल्ट तेच असतं. क्वार्टरली ब्रँच जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरच्या सुरुवातीला कापतात आणि मग तीन महिने तिच्यात मुख्यतः सिक्युरिटी आणि बिल्डच्या दुरुस्त्याच येतात. म्हणजे तुमचं एफएफएमपेग आजच्या ट्रीमधलं आणि खालच्या लायब्रऱ्या गेल्या तिमाहीतल्या. ही भानगड ऑप्शनपेक्षा जास्त त्रास देते.

खटपट्या

नुसतंच क्लोन केलं होतं, हो. कुठल्यातरी जुन्या लेखात ट्री आणायला पोर्टस्नॅप वापरा लिहिलेलं, ती कमांडच सापडेना, म्हणून मग गिट.

टर्मिनलबुवा

पोर्टस्नॅप १४ मधून काढून टाकलंय, सापडणार नाहीच. पोर्ट्सचं सगळं काम २०२१ पासून गिटवर गेलंय, त्यामुळे त्याआधीचे लेख वाचताना जरा जपून.

दोन रस्ते आहेत. एक, गिटमध्ये चालू तिमाहीची ब्रँच चेकआउट करा, नावं २०२५क्यू४ अशा धर्तीची असतात. किंवा पीकेजीच लेटेस्टवर (मेन ब्रँचवरून बांधलेल्या पॅकेजांवर) न्या, त्यासाठी /ईटीसी/पीकेजीमधली मूळ फाईल अजिबात एडिट करू नका, /यूएसआर/लोकल/ईटीसी/पीकेजी/रेपोजमध्ये त्याच नावाची फाईल करून तिच्यात फक्त बदललेली यूआरएल लिहा. /ईटीसीमधलं सिस्टीमचं, /यूएसआर/लोकलमधलं आपलं, ही सवय उबुंटूवरून येणाऱ्यांना लागायला वेळ लागतो पण एकदा लागली की बरं वाटतं. बाहेरचं सगळं सॉफ्टवेअर /यूएसआर/लोकलमध्ये, त्याची कॉन्फिगसुद्धा तिथेच, बेस सिस्टीमला हातच लागत नाही.

कोकणकडा

एवढं कशाला, 'पीकेजी लॉक एफएफएमपेग' करा आणि मोकळे व्हा. मी तेच करतो.

टर्मिनलबुवा

@कोकणकडा, तात्पुरतं ठीक आहे हो, पण लॉक फक्त त्या एका पॅकेजला लागत नाही. ज्या कामासाठी लॉक केलेलं पॅकेज बदलावं लागेल ते प्रत्येक काम अडतं. एक्स२६५ ही व्हिडिओची लायब्ररी घ्या, त्याचा लायब्ररी नंबर जवळपास प्रत्येक आवृत्तीला बदलतो. ते वर गेलं की एफएफएमपेगही नव्याने बांधलेलं लागणार, आणि ते तर लॉक. मग पीकेजी त्याच्यावर अवलंबून असलेली बाकीची मंडळीही अडवून धरतं आणि माणूस चिडून लॉक काढतो. शिवाय एफएफएमपेगमध्ये सिक्युरिटी दुरुस्त्या येत असतात, लॉक करून विसरलात की त्यातलं काहीच तुमच्यापर्यंत येत नाही. करायचंच असेल तर निदान 'पीकेजी ऑडिट -एफ' (एफ कॅपिटल) अधूनमधून चालवत जा, कुठल्या पॅकेजमध्ये माहीत असलेलं भोक आहे ते सांगतं.

सावंतवाडीकर_बीएसडी

याला पक्का इलाज पूड्रिएर, स्वतःची पॅकेजेस बांधायचं साधन. नाव ऐकून लोक घाबरतात पण घरच्या मशीनवर काही अवघड नाही, फक्त डिस्क मोकळी पाहिजे, झेडएफएस फाईलसिस्टीम असेल तर उत्तमच. पूड्रिएर स्वच्छ जेलमध्ये (बाकी सिस्टीमपासून वेगळा कप्पा) पॅकेज बांधतं, म्हणजे ते नॅझम, सीमेक वगैरे तुमच्या चालू सिस्टीमवर येतच नाहीत, आणि शेवटी तुमची स्वतःची छोटी रिपॉझिटरी तयार होते.

ढोबळ क्रम सांगतो. जेल तयार करा तुमच्याच रिलीजची, पोर्ट्स ट्री आणा, तीसुद्धा पीकेजी ज्या ब्रँचवर आहे तीच, 'पूड्रिएर ऑप्शन्स' चालवून एफडीकेवर टिक मारा, एका टेक्स्ट फाईलमध्ये मल्टिमीडिया/एफएफएमपेग एवढी एकच ओळ लिहा आणि 'पूड्रिएर बल्क' सोडा. नव्या आवृत्तीत -बी देऊन ब्रँचचं नाव दिलं की डिपेंडन्सीपैकी (त्याला लागणारी बाकीची पॅकेजेस) ज्या डिफॉल्टप्रमाणेच आहेत त्या तयार पॅकेजेस अधिकृत रिपॉझिटरीतून उचलतं, बांधत बसत नाही. हे नसतं तर जुन्या डेस्कटॉपवर कोणी सुचवलंच नसतं, कारण मध्ये कुठे एलएलव्हीएम किंवा रस्टसारखं अवाढव्य काही बांधायची वेळ आली की रात्र गेलीच.

मग रेपोजच्या त्याच फोल्डरमध्ये अजून एक फाईल, यूआरएल 'फाईल:' वालीच, लोकल फोल्डरची. प्रायॉरिटी मूळ रिपॉझिटरीपेक्षा जास्त ठेवा. पहिल्यांदा एफएफएमपेग -आर देऊन त्याच रिपॉझिटरीतून टाका. पीकेजीत कन्झर्व्हेटिव्ह अपग्रेड म्हणून सेटिंग आहे, डिफॉल्टला चालूच असतं, त्यामुळे जे पॅकेज ज्या रिपॉझिटरीतून आलं ते पुढेही तिथूनच घेतलं जातं. तुमची ऑप्शनची कटकट इथे संपते. मात्र अपग्रेडच्या आधी बल्क चालवायची शिस्त पाळायला लागेल, ती नाही पाळली तर लायब्रऱ्यांचा तोच घोळ.

कोकणकडा

भजनाच्या कॅसेटीसाठी जेल 😄 बरं, एक मूळ मुद्दा कोणीच काढला नाही. एफडीके लागतंच कशाला? एफएफएमपेगचा स्वतःचा एएसी एन्कोडर २०१६ च्या ३.० पासून प्रायोगिक राहिलेला नाही, १२८ केबीपीएसला टाळ-मृदंग व्यवस्थित ऐकू येतात.

सावंतवाडीकर_बीएसडी

@कोकणकडा, त्याला एचई-एएसी जमत नाही आणि यांना फाईल बारीक हवीय. ३२-४८ केबीपीएसवर साधं एएसी टाळांचा नुसता फसफसाट करतं. बाकी ऑपस (दुसरा ऑडिओ फॉरमॅट) चालत असेल तर मीही म्हणेन एफडीके सोडा, ऑपस पीकेजीवाल्या एफएफएमपेगमध्येच आहे आणि कमी बिटरेटला उत्तम आहे.

खटपट्या

ऑपसची एक फाईल मंडळात पाठवून बघितली, दोघातिघांच्या फोनवर वाजलीच नाही आणि मंडळातल्या काकांना दुसरं ॲप टाकायला सांगणं माझ्याच्याने होणार नाही. तर पूड्रिएरच करतो. तोपर्यंत आत्ता जे बांधायचंय ते तिमाहीच्या ब्रँचवरून बांधतो.

टर्मिनलबुवा

मग आत्ताच्यासाठी दोन टिपा. 'मेक इन्स्टॉल'च्या आधी 'मेक इन्स्टॉल-मिसिंग-पॅकेजेस' चालवा, ज्या डिपेंडन्सी नाहीयेत त्या पॅकेजमधून येतात, फक्त एफएफएमपेग बांधलं जातं. आणि सगळंच बांधत असाल तर आधी 'मेक कॉन्फिग-रिकर्सिव्ह', म्हणजे सगळे प्रश्न सुरुवातीलाच विचारून होतात. नाहीतर रात्री लावून झोपायचं आणि सकाळी बघावं तर तिसऱ्याच पोर्टची निळी चौकट एंटरची वाट बघत बसलेली.

नॅझम, सीमेकचं राहिलं, 'पीकेजी ऑटोरिमूव्ह' करा, फक्त बांधण्यापुरतं आलेलं जातं. पण वाय दाबायच्या आधी यादी वाचा राव, यावेळी तरी 🙏

खटपट्या

वाचली. यादीत व्हिम दिसतंय, ते मी वापरतो रोज, ते का काढतंय?

टर्मिनलबुवा

ते दुसऱ्या कशाच्या तरी डिपेंडन्सी म्हणून आलं असणार, तुम्ही स्वतः मागितलेलं म्हणून त्याची नोंद नाही. 'पीकेजी सेट -ए ०' (ए कॅपिटल) आणि पुढे पॅकेजचं नाव द्या, मग ऑटोरिमूव्ह त्याला हात लावणार नाही.