गावाच्या नावात दडलेले इंग्रजी शब्द: खान्देशकरांनो, तुमचे अनुभव लिहा

परवा भाचीच्या वहीचं मागचं पान उघडलं. वर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत 'जळगाव' आणि खाली शब्दांची रांग: लोन, गोल, लॉग, अलाँग, अ‍ॅनालॉग. शेवटच्या शब्दापाशी मी थबकलो. 'जे' बाजूला काढला की उरलेल्या सहाच्या सहा अक्षरांचा 'अ‍ॅनालॉग' होतो! चाळीस वर्षं हे नाव पाट्यांवर वाचतोय, पण मला ते कधी दिसलं नव्हतं.

राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधीच्या आपल्यासारख्यांना ते पाचवीत भेटलं, आणि अनेकांची भीती असल्याच खेळाने गेली. तुम्हाला हा नाद कुणी लावला, तुम्ही शब्द कसे शोधता, काय हाती लागलं, सविस्तर लिहा.

भुसावळ, रेल्वेवाल्याचा मुलगा

बाबांचा डबा घेऊन मी स्टेशनवर जायचो. गाडी लेट असली की ते फलाटावरच्या पिवळ्या पाटीकडे बोट दाखवायचे. "यातून शब्द काढ. जे अक्षर जितक्यांदा आहे तितक्यांदाच वापरायचं. 'ए' दोन आहेत, बाकी सगळी एकेक." बस, बुश, स्लॅब, हब असे शब्द निघायचे. एकदा म्हणाले, "यात खायची वस्तू आहे. आईने कालच केली होती." दोन दिवस डोकं खाजवलं. गाजराचा हलवा! मी म्हटलं, बाबा, हा तर आपला शब्द, तो कसा चालेल? त्यांनी वाचनालयात नेऊन जाड डिक्शनरी उघडली, 'एच'च्या पानांवरून बोट खाली आणलं आणि एका ओळीवर थांबले. पाच अक्षरं, हलवा, छापलेला. उरलेला 'एस' लावला की अनेकवचनही तयार. इंग्रजीच्या पुस्तकात आपल्या ताटातलं काही असू शकतं, हे मला त्या दिवशी कळलं.

पारोळा

आमच्या गावात 'पोलर' आहे. उन्हाळ्यात पारोळ्यात राहून बघा, मग या शब्दाची गंमत कळेल. आणि रावेरकरांना तर शोधायचीच गरज नाही, गावाचं नावच जसंच्या तसं डिक्शनरीत आहे.

धुळे, निवृत्त जुळारी

छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात उमर गेली. इंग्रजीच्या केसमध्ये, म्हणजे खिळे ठेवायच्या खणांच्या पेटीत, सगळ्यात मोठा खण 'ई'चा, कारण तेच अक्षर सर्वांत जास्त लागतं. पुढे नातवाने स्क्रॅबल हा अक्षरांतून शब्द जुळवायचा खेळ आणला तेव्हा मी आधी सोंगट्या मोजल्या. शंभरात बारा 'ई', आणि 'क्यू' व 'झेड' एकेकच, पण दहा-दहा गुणांचे. मनात म्हटलं, ही तर आमचीच केस! शब्द शोधताना मी अजूनही अक्षरं कागदावर गोलात मांडतो. सरळ ओळीत लिहिली की डोळा त्याच क्रमाने वाचत राहतो, गोलात सुरुवात कुठूनही करता येते.

अमळनेर, शिक्षिका

साने गुरुजींनी जिथे शिकवलं, त्या गावाच्या इंग्रजी नावात 'लर्न' आहे. दर वर्षी नव्या वर्गाला मी पहिल्या तासाला हेच शोधायला लावते. 'अलार्म' आणि 'रेल्म'ही निघतात. मुलांना सांगते, आधी स्वर वेगळे काढा, मग 'ईआर', 'एसटी', 'सीएच' अशा जोड्या लावून बघा. मागच्या बाकावरचा एक मुलगा वर्गात कधी तोंड उघडत नसे. तो उभा राहून ओरडला, "बाई, माले सापडना!" म्हणजे, मला सापडला! पुढच्या तासाला तो दुसऱ्या बाकावर येऊन बसला.

चाळीसगावचा, आता पुण्यात

प्रोग्रॅमर आहे, म्हणून यंत्राची रीत सांगतो. प्रत्येक शब्दाची अक्षरं एबीसीच्या क्रमाने लावायची. स्टॉप, स्पॉट, पोस्ट, टॉप्स, पॉट्स आणि ऑप्ट्स, सहाही शब्दांचा क्रम एकच येतो: ओ, पी, एस, टी. म्हणजे तो क्रम धरून हाक मारली की सगळी भावंडं एकदम हजर. मात्र काही अक्षरं शिल्लक राहिली तरी चालणार असतील, तर प्रत्येक अक्षराची मोजणी ताडून पाहावी लागते. तुमचे बाबा फलाटावर नेमकं हेच शिकवत होते, भुसावळकर.

एरंडोल

आमची आठवण थोडी कडू आहे. शाळेच्या स्पर्धेत गावाच्या नावातून शब्द काढायचे होते. मी 'ऑर्डील' लिहिला, अर्थ ठाऊक होता: कठीण कसोटी. सरांनी तो कधी वाचलेला नव्हता, त्यांनी काट मारली. मी डिक्शनरी मागितली तर "उलट बोलू नकोस" म्हणाले. नंबर गेला त्यापेक्षा त्यांनी पान उघडून पाहिलं नाही, हे आजही खुपतं. आता मी स्वतः शिकवण्या घेतो. मुलांच्या वह्यांत अनोळखी शब्द दिसला की आधी डिक्शनरी उघडतो.

यावल

माझ्या आजीला इंग्रजी येत नव्हतं. मी पुठ्ठ्याची मोठी कॅपिटल अक्षरं कापून ओसरीवर गावाचं नाव मांडलं होतं. वांगी भाजून हात पुसत ती आली, बराच वेळ बघत राहिली आणि तिने 'एल' उचलून बाजूला ठेवला. "माय, हे एकच वेगयं दिसते." बाकीची तिला रांगोळीसारखी वाटली, डावी-उजवी बाजू सारखी. उरलेली चार मी नुसती सरकवली: ए, डब्ल्यू, ए, वाय. 'अवे'. माझा पहिला चार अक्षरी शब्द तो.