'कर्णबधिर शिक्षिका' म्हणजे नेमकी कोण?

टाचण: एका पत्रिकेसाठी इंग्रजी परिचयाचं मराठी करतोय. बाईंना स्वतःला ऐकू येत नाही. दोन मुलांची आई, मुलं मोठी झाल्यावर प्रशिक्षण घेतलं आणि आता ऐकू न येणाऱ्या मुलांना शिकवतात. मथळ्यात 'कर्णबधिर शिक्षिका' लिहिलं, तर तपासणाऱ्यांनी विचारलं, "म्हणजे कर्णबधिर शाळेतल्या ना?" दोन्ही अर्थ एका शब्दात बसतील का?

शेवंती: गोची समासाची आहे. 'कर्णबधिर शाळा' म्हणजे कर्णबधिरांसाठीची शाळा, त्याच चालीवर शिक्षिकाही वाचली जाते. 'स्वतः कर्णबधिर असलेल्या, कर्णबधिर मुलांच्या शिक्षिका' असं लिहा. लांबतं, पण घोळ नाही.

ऱ्हस्वदीर्घ: मुळात 'कर्णबधिर' हा 'पिवळा पीतांबर'. बधिर म्हणजेच ऐकू न येणारा. त्याचंच बहिरा झालं. इथे ध चा मा नाही, ध चा ह. सरळ 'बहिरी' लिहा.

खडूफळा: संस्कृतात ठीक. मराठीत दाढ काढताना हिरडी बधिर करतात आणि भूल देणारा तो बधिरीकरणतज्ज्ञ. बधिरपणा अंगभर पसरला म्हणून 'कर्ण' लावावा लागतो. 'बहिरी'ला तर "हाक मारतेय, बहिरी आहेस का?" चिकटलंय. 'मूकबधिर' मात्र नकोच. स्वरयंत्र बहुधा धडधाकट असतं, ऐकू न आल्यामुळे बोलणं घडत नाही. जुन्या शाळांच्या पाट्यांवर आहे तो राहू दे.

पाटीपेन्सिल: मग बहिरी ससाणा?

ऱ्हस्वदीर्घ: त्याचा कानाशी संबंध नाही, तो फारसी 'बहरी'. अवांतर थांबवा.

खडूफळा: मूळ इंग्रजीत 'डेफ' आहे की 'हार्ड ऑफ हिअरिंग', ते बघा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत 70 डेसिबल ऱ्हास म्हणजे बधिर, 60 ते 70 म्हणजे दुसरा गट. त्याला 'कमी ऐकू येणाऱ्या' म्हणा. पदविकाही नीट बघा. भारतीय सांकेतिक भाषा *शिकवण्याची* दोन वर्षांची पदविका कर्णबधिर उमेदवारांसाठीच असते, दुभाष्याची वेगळी. भाषांतरात दोन्ही एक होतात आणि शिक्षिकेची दुभाषी होते. वर्गशिक्षिका असतील तर विशेष शिक्षणातलं डी.एड. किंवा बी.एड. आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणीही परिचयात असेल.

शेवंती: 'सांकेतिक' मला खटकतं. सांकेतिक लिपी म्हणजे गुप्त लिपी. 'खुणांची भाषा' म्हणा.

खडूफळा: त्यात खाणाखुणा येतात, म्हणजे व्याकरण नसलेलं काहीतरी. या भाषेला व्याकरण आहे. 'तुझं नाव काय?' मध्ये 'काय' शेवटी, तेही भुवयांसकट. नाकातल्या चमकीच्या जागी बोट म्हणजे स्त्री, मिशीवर म्हणजे पुरुष. विभक्तीचे प्रत्यय मात्र तिथे नाहीत, म्हणून मुलं वहीत 'आई शाळा जा' लिहितात. ती चूक आळसाची नव्हे. अशा वर्गात कर्णबधिर शिक्षिका हवी ती याचसाठी: 'ने, ला, च्या' कुठे गळतात ते तिला आपल्याच लिखाणातून ठाऊक असतं.

पाटीपेन्सिल: ओठ वाचून चालत नाही का?

खडूफळा: आरशासमोर आवाज न काढता 'मामा, बाबा, पापा' म्हणा. ओठांवर तिन्ही सारखेच. 'काका' तर घशाकडे घडतो, ओठांवर 'आ' तेवढा दिसतो. फळ्याकडे तोंड करून बोलणारा शिक्षक किंवा पाठीमागे उजेडाची खिडकी असली तर तेही नाही. म्हणून मुलं अर्धवर्तुळात बसवतात आणि लिहून झाल्यावरच वळून शिकवतात, हात एका वेळी एकच काम करतात.

ऱ्हस्वदीर्घ: 'अर्धवर्तुळात' की 'अर्धवर्तुळाकार'?

टाचण: मंडळी, मथळा उद्या छापायचाय.

शेवंती: 'अर्धवर्तुळात' बरोबर आहे.