मदत हवी आहे: बैलाचा जुना लोखंडी नांगर दोन दिवसांसाठी

नमस्कार मंडळी. आयटीआयच्या 25 मुलांसाठी उद्योजकतेचं तासाभराचं सत्र घेतोय. उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्करांचं. आधी बेळगावात सायकलचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमिनीत विष भिनतं म्हणून शेतकरी त्या नांगराला हात लावेनात, तरी माणूस हटला नाही. 1910 साली कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी, म्हणजे त्यांचा कारखाना आणि कामगारांची वसाहत, उभी राहिली. आपल्या मुलांना याहून जवळचं उदाहरण मला तरी दिसत नाही.

फोटो, व्हिडिओ आहेत माझ्याकडे, ते नकोत. मुलांनी स्वतः पाना लावून फाळ काढावा, परत बसवावा, मग गोष्ट ऐकावी. गावात दोन घरी विचारलं. एकाचा भंगारात गेलाय. दुसऱ्याचा इतका गंजलाय की रॉकेल ओतून रात्रभर ठेवला तरी बोल्ट हलेना.

कुठल्याही कंपनीचा चालेल, फक्त फाळ सुटायला हवा. टेम्पो माझा, डिपॉझिट देईन. विकत घेणं जमणार नाही. सत्र पुढच्या महिन्यात आहे.

सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडं असा नांगर कुणाच्या गोठ्यात, माळ्यावर आहे का?