सोमालियात बायकांची वाट अडवतंय कोण: परंपरा की साडेचारचं सूत्र?

कावेरी_म

सोमालियातल्या बायका राजकारणात मागे का, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: परंपरा. मला हे उत्तर अपुरं वाटतं.

सोमाली बाई लग्नानंतर नवऱ्याचं नाव लावत नाही. ती शेवटपर्यंत बापाच्या कुळाची राहते, मुलं मात्र नवऱ्याच्या कुळाची. त्यामुळे दोन कुळांत वैर पेटलं की निरोप घेऊन पलीकडे जाऊ शकते ती बाईच. वैर मिटवायला मुलगी देण्याचीही रीत होती. त्यात त्या मुलीला कुणी विचारत नसे, हे लपवण्यात अर्थ नाही. पण दोन कुळांमधला दुवा म्हणून बाईला जागा होती.

२००० साली शेजारच्या जिबूती देशातल्या अर्ता गावी सोमालियातलं गृहयुद्ध मिटवायला शांतता परिषद भरली. संसद कुळांत वाटायचं ठरलं. दारोद, हविये, दिर आणि दिगिल-मिरिफले या चौघांना एकेक वाटा, बाकीच्या सगळ्या लहान समाजांना मिळून अर्धा. हेच ते ४.५चं सूत्र. बायका त्यात कुठेच नव्हत्या. शांततेसाठी काम करणाऱ्या आशा हाजी एल्मी यांचं माहेर एका कुळात, सासर दुसऱ्या कुळात, आणि गृहयुद्धात ही दोन्ही कुळं एकमेकांसमोर उभी. त्यांनी इतर बायकांना घेऊन जाहीर केलं, आम्ही सहावं कूळ! त्या रेट्यामुळे २४५ पैकी २५ जागा बायकांसाठी ठेवल्या गेल्या.

म्हणून माझं म्हणणं असं की बायकांना अडवतं ते हे सूत्र, आणि ते काही वाडवडिलांनी घालून दिलेलं नाही.

दर्यावर्दी

कावेरीताई, सूत्र नवं असेल, पण त्यामागची रीत जुनीच आहे. सोमालींचा रूढ कायदा म्हणजे 'हेर'. तंटे सोडवायला झाडाखाली बैठक बसते, तिथे फक्त पुरुष. खुनाची भरपाई पुरुषासाठी शंभर उंट, बाईसाठी पन्नास, असा ढोबळ दर. जिथे जिवाची किंमतच निम्मी धरली, तिथे मताला काय किंमत असणार? बायकांना 'बुरानबुर' रचायला मोकळीक होती, त्या काव्यातून त्या पुरुषांना खडे बोलही सुनावत. निर्णय मात्र बैठकीतच होत.

माळरान

दर्यावर्दींशी सहमत. १९९१ला सोमालियापासून वेगळं झाल्याचं जाहीर केलेलं सोमालीलँड बघा. तिथे ४.५ नाही. पक्ष आहेत, लोक थेट मतदान करतात. २०२१च्या निवडणुकीत ८२ जागांसाठी १३ बायका उभ्या राहिल्या. निवडून आली एकही नाही. आता दोष कोणत्या सूत्राला द्यायचा?

कावेरी_म

माळरान, सोमालीलँडची राजधानी हरगेसात सूत्र कागदावर नाही, पण पक्ष उमेदवार निवडताना कुळाचीच मतं मोजतात. बाई उभी राहिली की माहेरचे म्हणतात, फायदा सासरच्यांना होईल. सासरचे म्हणतात, ही आपली नव्हेच. जो दुवा तह करताना उपयोगी पडतो, तोच तिकीट वाटताना तिच्या विरोधात जातो. मतपेटी आणली तरी कुळाचा हिशेब तसाच राहतो.

रानवाट

मला राखीव जागांचाच उपयोग दिसत नाही. सोमालियात २०१६-१७ला प्रत्येक जागेसाठी ५१ प्रतिनिधींनी मत दिलं, आणि ते प्रतिनिधी ठरवण्यात कुळातल्या वडीलधाऱ्यांचा हात होता. अशा वाटेने आलेली बाई बोलणार कुणाच्या वतीने? शिवाय असे बदल वरून लादले की उलटतात. लष्करी हुकूमशहा सियाद बारेने १९७५ला नवा कुटुंब कायदा आणला, वारशात स्त्री-पुरुष समान केले. विरोध करणाऱ्या दहा धर्मगुरूंना गोळ्या घातल्या. तेव्हापासून बायकांचे हक्क म्हणजे हुकूमशहाचं खूळ, असं म्हणायला लोकांना आयतं कारण मिळालं.

अनघा_द

रानवाट, १९७५बद्दल तुमचं बरोबर आहे. समानतेसाठी माणसं मारली, त्याची किंमत पुढे बायकांनीच मोजली. पण निवडून आलेल्या बायका दुसऱ्याच्या तोंडाने बोलतात, हे मला अजिबात मान्य नाही. खासदार अमिना मोहम्मद अब्दी यांचं उदाहरण घ्या. गुप्तचर खात्यातली एक तरुण कर्मचारी २०२१ला बेपत्ता झाली, तेव्हा सरकारला जाहीरपणे जाब विचारणाऱ्यांत त्या पुढे होत्या. मार्च २०२२मध्ये स्वतःच्या जागेचा प्रचार करताना बेलेदवेन इथे आत्मघाती हल्ल्यात त्यांचा जीव गेला. पुढच्याच महिन्यात सादिया यासिन समतर कनिष्ठ सभागृहाच्या उपाध्यक्ष झाल्या. त्या पदावरची ही पहिलीच बाई. या बायकांना बाहुल्या म्हणणं मला सहन होत नाही.

आणि हे खूळ बारेने आणलेलं नाही. १९४८ला मोगादिशूच्या दंगलीत मारली गेलेली हावो टाको सोमाली यूथ लीगची होती. बायका स्वातंत्र्य चळवळीत होत्याच.

माळरान

संसदेत बायकांना ३० टक्के जागा देण्याचं आश्वासन तर सोमालियातल्या नेत्यांनीच दिलं होतं ना? २०१६-१७ला बायका २४ टक्क्यांपर्यंत पोचल्या आणि पुढच्या निवडणुकीत २०च्या आसपास खाली आल्या. असं का झालं?

अनघा_द

कारण ३० टक्के म्हटलं, पण कुणाच्या वाट्यातून, ते ठरवलं नाही. एखाद्या पोटकुळाला संसदेत मोजून एक जागा. ती बाईला द्यायला ते तयार होत नाही, शेजारच्याने आधी द्यावी असं म्हणतं. आपल्याकडे ७३व्या घटनादुरुस्तीने पंचायतींतल्या एक तृतीयांश जागा बायकांसाठी कायद्यात लिहिल्या. कुठला वॉर्ड राखीव, ते सोडतीने ठरतं, 'आधी तू' म्हणायला वाव नाही. तिथे नुसता नेत्यांचा करार, आणि तो मोडला म्हणून कुणाची जागा जात नाही.

कावेरी_म

अगदी हेच. कुठल्या जागेवर बाईच उभी राहील, हे निवडणुकीआधी कायद्यात लिहिलेलं हवं. वडीलधाऱ्यांच्या मर्जीवर सोडलं की आकडा खाली येणारच.

दर्यावर्दी

कायदा लिहाच, माझा विरोध नाही. पण त्या राखीव जागेवर बाई उभी राहिली की पहिला प्रश्न येईल, ही कुठल्या कुळाची? आणि ते ठरवायला बसतील पुन्हा झाडाखालचे तेच पुरुष. त्या बैठकीत बाईला बसायला जागा मिळेपर्यंत मी परंपरेलाच जबाबदार धरणार.